चक्रीवादळ आणि वरच्या हवेतली वाफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं, गावात वीज परत आली आणि दहावीतल्या एका मुलीचा फोन आला. शाळा तेव्हा कोविडमुळे बंदच होत्या. "सर, एवढं पाणी खाली पडलं, तर वर किती गेलं?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. मुलं, पालक, शेजारी, रापणीवरचे ओळखीचे लोक यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वर म्हणजे नेमकं किती वर?

गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सत्तरीतलं सोसोगड, साडेअकराशे मीटरच्या थोडं वर. असे पंधरा सोसोगड एकावर एक रचले की आपल्या डोक्यावरच्या तपांबराचं, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराचं, छत लागतं, साधारण १६ ते १८ किलोमीटरवर. ढग, पाऊस, विजा, वादळं यांचा सगळा संसार या छताखाली चालतो. छताला तपस्तब्धी म्हणतात. त्याच्या वर स्थितांबर, जिथे ओझोनचा थर आहे. ध्रुवांकडे हेच छत खाली उतरून आठ-नऊ किलोमीटरवर येतं.

मोपा किंवा दाबोळीहून सुटलेलं विमान दहा ते बारा किलोमीटरवरून जातं, म्हणजे छताखालच्या वरच्या मजल्यावरून. पुढची उत्तरं वाचताना हे दोन थर वेगळे ठेवा: विमानांचा मजला, आणि छताच्या पलीकडचं स्थितांबर. वादळ या दोन्हींवर सारखा परिणाम करत नाही. बातम्यांमध्ये ही सरमिसळ फार होते.

तिथे वाफ असते तरी किती?

दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. मे अखेरीस तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर त्या खोलीच्या हवेत साडेसहाशे ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असतं. पाण्याची मध्यम बाटली भरेल इतकं. आता तीच खोली १७ किलोमीटरवर आहे असं समजा. तिथल्या हवेत पाणी निघेल तेरा-चौदा मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम चौथा हिस्सा.

प्रमाणात सांगायचं तर जमिनीलगत हवेच्या दहा लाख रेणूंमागे ३४ हजारांच्या आसपास रेणू पाण्याचे, आणि स्थितांबराच्या तळाशी फक्त चार-पाच. पावसाळ्यात गोव्याच्या डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली तर पाच-सहा सेंटिमीटर पाणी निघेल, आणि त्यातलं बहुतेक खालच्या तीन-चार किलोमीटरांतलं असेल.

मग दहा लाखांत चार-पाच रेणूंची कसली चिंता?

वाफ हा हरितगृह वायू आहे. जमिनीकडून वर जाणारी उष्णता ती अडवते. जमिनीलगत वाफ भरपूर असल्यामुळे तिथे थोडी वाढली-घटली तरी फारसा फरक जाणवत नाही. वर हवा विलक्षण थंड आणि कोरडी असते, म्हणून तिथल्या एकेका रेणूला किंमत येते. स्थितांबरात वाफ वाढली की ते स्वतः थंड होतं आणि खालचा पृष्ठभाग तापतो.

हा परिणाम मोजला गेलेला आहे. २००० नंतर स्थितांबरातली वाफ सुमारे १० टक्क्यांनी घटली. सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला की या एका घटीमुळे २००० ते २००९ या दशकातली पृष्ठभागाची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी मंदावली. दहा लाखांत अर्ध्या रेणूचा हा फरक! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मूळ शोधनिबंध काढून पुन्हा तपासला होता.

दुसरी गोष्ट ओझोनची. पाण्याचा रेणू वर फुटला की त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतं आणि ते ओझोन मोडणाऱ्या प्रक्रियांत भाग घेतं. शिवाय ध्रुवांवरच्या कडाक्याच्या थंडीत याच थोड्या वाफेपासून स्थितांबरात ढग बनतात. दक्षिण ध्रुवावर ओझोनला भोक पडतं ते या ढगांच्या कणांवर चालणाऱ्या क्रियांमुळे. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथून भारताच्या 'मैत्री' आणि 'भारती' या अंटार्क्टिकावरच्या तळांचं काम चालतं. विषुववृत्ताजवळ छत ओलांडून वर गेलेली हवा काही वर्षांनी ध्रुवांकडे खाली उतरते, म्हणून हा विषय एकाच वेळी आपल्या समुद्राचाही आहे आणि त्या बर्फाचाही.

स्थितांबर इतकं कोरडं कशामुळे?

याचं उत्तर मला काजूच्या भट्टीवर सापडलं. सत्तरीत माझ्या मामाकडे मार्च ते मे भट्टी लागायची. आंबलेला नीरो, म्हणजे काजूबोंडांचा रस, भाणात (मोठ्या हंड्यात) घालून खाली जाळ करायचा. वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती थंड करून साठवणाऱ्या मडक्यात, जायची, आणि लावणीवर थंड पाणी ओतत राहायचं. पाणी पुरेसं थंड असलं की वाफ तिथेच पाणी होऊन साठायची आणि पलीकडे जवळपास काहीच निसटायचं नाही. पाणी कोमट झालं की वास सगळ्या अंगणात पसरायचा. मामा म्हणायचा, "वास येतोय म्हणजे माल चाललाय." आणि आम्हा मुलांना विहिरीवर पिटाळायचा.

आकाशात भाण म्हणजे समुद्र आणि लावणी म्हणजे तपस्तब्धी. उष्ण प्रदेशात तिथलं तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खालून वर चढणारी हवा या थंड पट्ट्यातून जाताना तिच्यातली जवळजवळ सगळी वाफ बर्फ होते, बर्फाचे कण खाली पडतात आणि पलीकडे जाते ती कोरडी हवा. इथे एक अंशाची किंमत फार मोठी आहे. पणजीच्या हवेत तापमान एका अंशाने वाढलं तर तिच्यात सहा-सात टक्के जास्त वाफ मावते. उणे ८० च्या आसपास तोच एक अंश सोळा-सतरा टक्क्यांचा फरक पाडतो.

हा शोध लागला त्याची हकिगत वर्गात मुलांना फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांमागे पांढऱ्या रेषा उमटत आणि त्या शत्रूला दिसत. या रेषा कधी उमटतात हे सांगायला वरच्या हवेतली आर्द्रता मोजणं भाग होतं. इंग्लंडमध्ये ॲलन ब्रूअर यांनी त्यासाठी धातूच्या थंड पृष्ठभागावर हिम कोणत्या तापमानाला धरतं ते पाहणारं उपकरण विमानातून वर नेलं. इंग्लंडवरच्या स्थितांबरातली हवा त्यांना इतकी कोरडी मिळाली की तिथल्या छताच्या तापमानाने ती तशी होणंच शक्य नव्हतं. छत तिथे तेवढं थंड नसतंच. म्हणजे ही हवा दुसरीकडून आली असणार, जिथे छत त्याहून खूप थंड आहे अशा जागेतून. १९४९ मध्ये ब्रूअर यांनी मांडलं की स्थितांबरात हवा उष्ण कटिबंधातून शिरते आणि तिथून ध्रुवांकडे पसरते. पुढे ओझोनच्या मोजमापांवरून गॉर्डन डॉब्सन हेही तिथेच पोचले. आज या अभिसरणाला दोघांचं नाव आहे.

चक्रीवादळ पाणी वर नेतं ते कसं?

समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं हवं, ही पहिली अट. मे महिन्यात अरबी समुद्र सहज ३० अंशांवर असतो. पाण्यावरची दमट हवा कमी दाबाकडे खेचली जाते, डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत शिरून वर चढते, थंड होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. एक किलो वाफ पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सोडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो, आणि समुद्रावरून नवी हवा ओढली जाते. वादळाचं इंजिन असं चालतं.

वाटेत बहुतेक पाणी पाऊस होऊन गळतं. उरलेलं बर्फाच्या बारीक कणांच्या रूपात थेट बारा-पंधरा किलोमीटरवर पोचतं. तिथे छत आडवं येतं आणि हवा बाजूंना पसरते. उत्तर गोलार्धात वादळ खाली घड्याळाच्या उलट फिरतं, पण माथ्यावर बाहेर पसरणारी हवा दूर जाताना घड्याळाच्या दिशेने वळते. तिच्याबरोबर तंतुमेघांची, म्हणजे बर्फकणांच्या पिसांसारख्या उंच ढगांची, शेकडो किलोमीटर रुंद छत्री पसरते. छत्रीच्या कडेला बर्फाचे कण कोरड्या हवेत सापडतात, पाणी न होता थेट वाफ होतात, आणि विमानांच्या मजल्यावरची हवा दमट होते.

हे दमट होणं मोजलं आहे का?

हो. 'अ‍ॅक्वा' उपग्रह २००२ मध्ये आणि 'ऑरा' २००४ मध्ये वर गेला आणि वादळांच्या माथ्यावरची आर्द्रता रोजच्या रोज पाहता येऊ लागली. एरिक रे आणि कॅरन रोझनलॉफ यांनी २००७ मध्ये अटलांटिक आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या वादळांचा असा अभ्यास केला. डोळ्यापासून ५०० किलोमीटरच्या आत, अकराएक किलोमीटर उंचीवर, आसपासच्या हवेपेक्षा दहा लाखांमागे ३० ते ५० रेणू पाणी जास्त आढळलं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. त्या उंचीवर मुळात असतात शे-दीडशेच्या आसपास, त्यामुळे ही वाढ भरघोस म्हणायची.

मात्र वादळाभोवती सगळीकडे ओलावा वाढतो असं समजू नका. वर चढलेल्या हवेला कुठेतरी खाली यावंच लागतं. ती वादळाच्या बाहेरच्या कडेला उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि कोरडी पडते. वादळ जवळ येण्याआधी एखादा दिवस विचित्र कोरडा, उकाड्याचा, स्वच्छ उन्हाचा जातो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. डोळ्याच्या आतही हवा खालीच उतरत असते, म्हणून तिथे आकाश उघडं दिसतं.

आणि छताच्या पलीकडे? तिथेही वादळ पाणी ढकलतं का?

ढकलतं. वर चढणाऱ्या हवेला वेग असतो. जोरात फेकलेला चेंडू छपरापर्यंत पोचून वर उसळावा तशी काही ढगांची डोकी छत फोडून किलोमीटर-दोन किलोमीटर स्थितांबरात शिरतात. तिथे ती भोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि जड ठरतात आणि काही मिनिटांत खाली कोसळतात. पण कोसळण्याआधी थोडी हवा आणि बर्फाचे कण मागे ठेवून जातात.

उष्ण कटिबंधातल्या अशा ढगांमध्ये चक्रीवादळांचा वाटा किती, हे डेव्हिड रॉम्प्स आणि झीमिंग क्वांग यांनी २००९ मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून काढलं. उंच ढगांच्या एकूण संख्येत चक्रीवादळांचा वाटा फक्त ७ टक्के. पण ज्यांचा माथा तपस्तब्धीपेक्षा थंड आहे अशा ढगांत तो १५ टक्के होतो, आणि तपस्तब्धीहून १५ अंशांनी थंड माथ्याच्या ढगांत २९ टक्के. जितकं उंच पाहावं तितका वादळांचा हात मोठा दिसतो.

म्हणजे वादळं स्थितांबर ओलं करतात, असंच ना?

सरळ हो म्हणता येत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच आहे. छतापलीकडे गेलेला बर्फाचा कण कोणत्या हवेत सापडतो यावर सगळं ठरतं. भोवतालची हवा कोरडी असेल तर कण विरून वाफ होतो आणि तिथली हवा ओली होते. पण हवा आधीच बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे तिच्यात मावेल त्याहून जास्त वाफ असेल, तर कण उलट तिच्यातली वाफ ओढून घेतो, वाढतो, जड होतो आणि खाली पडतो. पाहुणा म्हणून आलेला कण घरातलंच पाणी घेऊन निघून जातो. तेव्हा स्थितांबराचा तळ वादळाआधीपेक्षा जास्त कोरडा होतो.

यात आणखी एक पदर आहे. तीव्र वादळाच्या माथ्यावर तपस्तब्धीच नेहमीपेक्षा थंड होते, कारण वर चढलेली हवा छताला वर ढकलते आणि वर ढकललेली हवा थंड होते. म्हणजे वादळ एकीकडे पाणी वर फेकतं आणि त्याच वेळी लावणीवर आणखी थंड पाणी ओततं. कुठल्या वादळात कुठली बाजू जड जाते ते त्या-त्या दिवसाच्या छताच्या तापमानावर आणि तिथल्या आधीच्या ओलाव्यावर अवलंबून राहतं. विमानांच्या मजल्यावर वादळ ओलावा वाढवतं हे निर्विवाद आहे. स्थितांबराच्या बाबतीत मात्र जागतिक हिशेबाची मुख्य चावी छताच्या तापमानाकडेच आहे, वादळांचा हातभार त्याच्या जोडीला येतो. एखाद्या बातमीत "वादळामुळे ओझोन धोक्यात" असं वाचलंत तर हे दोन परिच्छेद आठवा.

तौक्तेच्या वेळी आपल्याकडे काय झालं होतं?

१६ मे २०२१, रविवार. पहाटे वादळाचं केंद्र पणजीच्या नैऋत्येला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतं. आमच्या अंगणात आगोटीची कामं चालली होती, कोकमाची सोलं उन्हात टाकलेली, ती आदल्या दिवशीच घाईने ओसरीवर आणली होती. तरी ओसरीवरच्या सोलांना दोन दिवसांत पाणी सुटलं, वाळायचं नावच नाही. मीठ ओलं, पापड मऊ, भिंतींना घाम. हवेत किती पाणी आहे हे सांगायला त्या दिवशी यंत्र लागलं नसतं. गोव्यात शेकडो झाडं आणि विजेचे खांब पडले, दोघांचा जीव गेला. १७ तारखेच्या रात्री वादळ दीव आणि उना यांच्या दरम्यान गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी १८५ किलोमीटरपर्यंत गेला होता.

आपल्या डोक्यावरचा तो दिवसभराचा काळोख म्हणजे वादळाच्या छत्रीचा पूर्वेकडचा भाग. खाली सोलांना पाणी सुटत होतं, वर तेच पाणी बर्फाची पिसं होऊन सह्याद्रीच्या पलीकडे जात होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चक्रीवादळं नसतात. मग तेव्हा वरची हवा कोरडी असते का?

उलट तेव्हाच ती सर्वांत ओली असते. मान्सूनच्या भर दिवसांत अरबी समुद्रावर खाली पश्चिमेचा जोरदार वारा आणि वर पूर्वेचा जेट प्रवाह वाहतो. या ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही, म्हणून आपली वादळं एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशी दोन हंगामांत विभागली जातात. पण बंगालचा उपसागर, उत्तर भारत, हिमालयाचा पायथा या सगळ्या पट्ट्यात रोज उंच ढग चढत असतात. त्यांनी वर नेलेलं पाणी तिबेट आणि दक्षिण आशियावरच्या एका प्रचंड प्रतिचक्रवाताच्या, म्हणजे जास्त दाबाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या वाऱ्याच्या, फेऱ्यात अडकून राहतं. 'ऑरा'च्या नकाशात जून ते सप्टेंबरच्या काळात छताजवळचा सर्वांत ओला ठिपका जगात इथेच दिसतो. त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात छत थोडं उबदार असतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत थंड. त्यामुळे स्थितांबरात शिरणारी हवा दर वर्षी एकदा ओली, एकदा कोरडी होते, आणि हे पट्टे एकामागून एक हळूहळू वर सरकताना उपग्रहाला दिसतात. १९९६ मध्ये फिलिप मोट आणि सहकाऱ्यांनी त्याला टेपरेकॉर्डरची उपमा दिली, कारण छताचं तापमान त्या हवेवर ध्वनिफितीसारखं नोंदलं जातं.

म्हणून वादळांचं कौतुक करताना मान्सूनला विसरू नये. आपल्या भागापुरतं बोलायचं तर वरच्या पाण्याचा मोठा पाटकरी तोच.

पणजीतून हे मोजलं जातं का?

काही अंशी. पणजीहून हवामान खातं फुगा सोडतं, त्याला तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारी छोटी पेटी बांधलेली असते. जगभर हे फुगे ठरलेल्या वेळी सुटतात, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. फुगा तीसेक किलोमीटरपर्यंत जाऊन फुटतो. तापमान शेवटपर्यंत चांगलं मिळतं. आर्द्रतेचा संवेदक मात्र कडाक्याच्या थंडीत मंदावतो, म्हणून दहा-बारा किलोमीटरच्या वरच्या त्याच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवत नाहीत. तिथे ब्रूअर यांच्या धर्तीचं हिमबिंदू मोजणारं खास उपकरण लागतं. अमेरिकेत बोल्डर इथे १९८० पासून अशी नोंद सलग ठेवली आहे. डॉप्लर रडार पाण्याचे थेंब पाहतं, वाफ त्याला दिसत नाही.

भारताने फ्रान्सबरोबर २०११ मध्ये 'मेघा-ट्रॉपिक्स' हा उपग्रह सोडला होता, खास उष्ण कटिबंधातल्या ओलाव्यासाठी. मार्च २०२३ मध्ये तो ठरवून खाली आणून पॅसिफिकवर जाळला. आज 'इन्सॅट-३डीआर' आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला 'इन्सॅट-३डीएस' आपल्यावर नजर ठेवून आहेत.

मोबाइलवर येणाऱ्या 'वॉटर व्हेपर' चित्रात समुद्रावर काळा भाग दिसतो. तिथे वाफ नसते का?

समुद्रावर वाफ असतेच. हे चित्र सुमारे पावणेसात मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांचं असतं आणि त्यात पाच ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यातला ओलावाच दिसतो. काळं म्हणजे तो पट्टा कोरडा. पांढरं म्हणजे ओलावा किंवा उंच ढग. खाली कितीही घाम येत असला तरी या चित्राला त्याचा पत्ता नसतो. वादळाभोवतीचा काळा वेढा दिसला तर ती मघाशी सांगितलेली खाली उतरणारी हवा.

वादळ दूर असताना संध्याकाळी पिसांसारखे ढग येतात, त्यावरून काही सांगता येतं का?

ते छत्रीच्या कडेचे तंतुमेघ असू शकतात, वादळ पाच-सहाशे किलोमीटरवर असतानाही दिसतात. पण साध्या मे महिन्यातल्या गडगडाटी ढगांनंतरही असेच ढग उरतात. समुद्रात जायचं की नाही हे ढग पाहून ठरवू नका, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहा.

वर गेलेली वाफ पुन्हा पाऊस होऊन खाली येते का?

तपांबरातली येते, सरासरी आठ-दहा दिवसांत. विमानांच्या मजल्यावर वादळाने सोडलेला ओलावा काही दिवसांत मिसळून जातो. स्थितांबरात गेलेला रेणू वर्षानुवर्षं तिथे राहू शकतो. तिथे पाण्याचा दुसराही उगम आहे: मिथेन. वर मिथेनचा रेणू मोडला की त्यापासून पाण्याचे साधारण दोन रेणू तयार होतात, म्हणून स्थितांबरात जसजसं वर जावं तसतशी वाफ थोडी वाढत जाते.

टोंगाच्या ज्वालामुखीने तर खूप पाणी वर नेलं म्हणतात. वादळांपेक्षा जास्त?

तुलनाच नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी दक्षिण पॅसिफिकमध्ये हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. 'ऑरा'च्या मोजणीप्रमाणे त्याने एका दिवसात सुमारे १४ कोटी ६० लाख टन पाणी स्थितांबरात फेकलं, तिथल्या एकूण पाण्याच्या जवळपास १० टक्के. त्याचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला. लावणीला वळसा घालून वाफ थेट पलीकडे गेली, थंड पट्ट्यात अडकायला तिला वेळच मिळाला नाही. वादळ तसं करू शकत नाही. त्याच्या ढगाला छताजवळच्या थंडीतूनच जावं लागतं.

समुद्र तापतो आहे. पुढे काय होईल?

अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या, तीव्रता आणि आयुष्य गेल्या काही दशकांत वाढल्याचं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. २०१९ मध्ये क्यार हे महाचक्रीवादळ झालं, २००७ च्या गोनूनंतरचं अरबी समुद्रातलं पहिलं. मग २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते, २०२३ मध्ये बिपरजॉय. तापलेल्या समुद्रावरची हवा जास्त पाणी घेऊन चढते, तेव्हा विमानांच्या मजल्यावरचा ओलावा वाढणं ओघानेच आलं. स्थितांबराबद्दल हवामानाची बहुतेक प्रारूपं सांगतात की जग तापेल तशी उष्ण कटिबंधातली तपस्तब्धीही थोडी उबदार होईल आणि पलीकडे जास्त वाफ निसटेल. ती वाफ पुन्हा खालचा पृष्ठभाग तापवेल. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते, कारण त्या छतावर ओतायला आपल्याकडे विहीर नाही.

मुलांना हे घरी दाखवता येईल असा प्रयोग आहे का?

आहे, आणि मी तो दर वर्षी मे अखेरीस करतो. दोन स्टीलचे पेले घ्या, बाहेरून कोरडे पुसा. एकात बर्फ आणि पाणी घाला. मिनिटभरात बाहेरून घाम फुटेल, थेंब ओघळतील. दुसऱ्यात बर्फ फोडून घाला आणि त्यात आगरातलं जाडं मीठ तीन-चार मोठे चमचे मिसळून हलवत राहा. आतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. या पेल्यालाही आधी घाम येतो, मग हळूहळू तळाकडून तो थिजू लागतो, आणि पाच-सात मिनिटांत पेल्यावर पांढरी, खरखरीत साय धरते. बोटाने ओरखडा काढा. ओरखड्याच्या जागी पुन्हा पांढरं धरायला किती वेळ लागतो ते मुलांना मोजायला सांगा. मग पंखा लावून तेच पुन्हा मोजा, आणि आकडे वहीत लिहून ठेवा. त्या दहावीतल्या मुलीने पंख्याशिवाय आणि पंख्यासह असे दोन तक्ते करून मला पाठवले होते. दुसऱ्या तक्त्याखाली तिने लिहिलं होतं: "सर, वारा असला की लवकर धरतं. वादळात वर पण असंच होत असेल ना?"